खालच्या ओळीतली मालकीणबाई

शेवटच्या गुरुवारी मालकीणबाईने एक पान अडवलं. मी मशीनपाशी चिंधीने हात पुसत उभा होतो आणि म्हणत होतो, "अहो, सोडा आता, छपाईची प्लेट व्हायची आहे." तिने ऐकलं नाही. आमचं साप्ताहिक चार पानांचं, नाव ‘पैलकाठ’. येरवडा, विश्रांतवाडी आणि त्यापुढच्या वस्त्यांच्या बातम्या. पान लावणारी आरती, दोन मुलांची आई, संगणकापुढे बसली होती. दुसऱ्या पानावर मोठा रंगीत फोटो होता आणि मथळा होता: नाल्याकाठचा गृहप्रकल्प परिसराला वरदान.

"हे कोणी लिहिलं?" मालकीणबाईने विचारलं.

"मेलवर आलंय काकू. त्या बिल्डर भाऊंच्या ऑफिसातून. संपादक सर फोनवर म्हणाले, घे."

"म्हणजे जाहिरात आहे."

"बातमीसारखी जाहिरात आहे."

"मग वर तसं लिही. ‘जाहिरात’. मोठं लिही."

"काकू, भाऊ चिडतील हो."

"चिडू दे. लिहायचं त्याने आणि खाली नाव माझं जायचं, हे कुठलं?"

तिने नमुन्याच्या कागदावर लाल पेनाने शब्द लिहिला आणि भोवती चौकट काढली. आरतीने तोंड वाकडं केलं, पण शब्द टाकला. मग मालकीणबाई स्टुलावर बसून चहा प्यायली. पाय जड झालेत म्हणाली. मी म्हणालो, घरी जाऊन पडा. ती म्हणाली, छापून झालं की जाते. मशीन चालू झाली, चांगले अंक यायला लागले तसा तिने एक उचलला, तो शब्द आहे ना बघितलं, आणि गेली. आम्ही दोघांनी मिळून केलेलं ते शेवटचं काम. दुसऱ्या दिवशी दुपारी मेथी निवडता निवडता ती ओट्याला टेकली आणि खाली बसली. रिक्षाने दवाखान्यात नेली. डॉक्टर बाहेर आले. म्हणाले, गेल्या.

ती माझी बायको. मालकीणबाई हे नाव गल्लीने ठेवलेलं, टोमणा म्हणून. छापखान्यात मीही तेच म्हणायचो आणि अहो-जाहो करायचो. घरी आलो की अगं-तुगं. दोन्ही ठिकाणी ऐकायचो मीच.

तिचं वर्तमानपत्र वाचणं जगाच्या उलट. कुठलंही असो, घरी टाकलेलं, भजी बांधून आलेलं, न्हाव्याच्या दुकानातलं. माणसं आधी वरचा मथळा बघतात. ही शेवटचं पान उलटायची, चष्मा कपाळावरून खाली ओढायची आणि अगदी तळाची बारीक ओळ वाचायची. कोणी छापलं, कोणी प्रसिद्ध केलं, मालक कोण. आमच्या धंद्यात त्या ओळीला प्रिंटलाइन म्हणतात. कायद्याने ती प्रत्येक अंकावर असावी लागते, आणि वाचत तिला कोणी नाही. "आधी कोण बोलतंय ते बघावं," ती म्हणायची, "मग काय बोलतंय ते." पुढे पुढे नाक्यावरच्या स्टॉलवर उभी राहून ती पेपर उलटे करून बघायची. पेपरवाला कावायचा. "काकू, विकत घ्या नाहीतर ठेवा." ही म्हणायची, "नावं एवढी मांडलीस, मालक दोन-तीनच आहेत की रे. घेऊ काय काय?"

‘पैलकाठ’च्या तळाला हिचंच नाव होतं. मुद्रक, प्रकाशक, मालक: सौ. विमल, पुढे माझं नाव, मग आडनाव. ते कसं झालं ते सांगतो, आणि सरळ सांगतो. साप्ताहिक काढलं सरांनी. सर म्हणजे अनुदानित शाळेतले मास्तर, लिहिणं चांगलं, डोकं गरम. नोकरीमुळे त्यांना स्वतःच्या नावावर वर्तमानपत्र काढता येत नव्हतं. माझा छापखाना होता, पत्र्याच्या शेडमधला. लग्नपत्रिका, पावतीपुस्तकं, हँडबिलं. सर म्हणाले, दत्तोबा, तुमच्या नावावर काढू. मी हो म्हणालो नाही. काही उलटसुलट छापलं गेलं तर पोलीस आधी नाव असेल त्याच्या दारात येतात, एवढं मला कळत होतं. येरवड्यात राहणाऱ्याला तुरुंगाची भिंत रोज दिसते. मी म्हणालो, हिच्या नावावर काढा. बाईमाणसाला कोण धरतंय. असं मी म्हणालो, तिच्यासमोर, आणि ती कणीक मळत होती. तिने मान वर करून एवढंच विचारलं, "मग मला काय करायचं?" सर म्हणाले, "काही नाही हो विमलताई, एकदा सही."

ती एकदाची सही करायला आम्ही दंडाधिकाऱ्यांच्या कार्यालयात गेलो. साहेबांपुढे घोषणापत्र ठेवलं. साहेब कंटाळलेले होते. तरी रीत म्हणून त्यांनी विचारलं, "बाई, कशावर सही करताय माहीत आहे ना?"

"अजून नाही," ही म्हणाली. "वाचू द्या."

सातवी शिकलेली बाई. बोट ठेवून सगळा कागद वाचला. मागे रांग लागली, कोणीतरी "आवरा हो" म्हणालं, सर घड्याळ बघत होते, मी भिंत बघत होतो. वाचून झाल्यावर तिने साहेबांना विचारलं, "म्हणजे यात जे छापलं जाईल ते मी छापलं, असं?"

"कायद्याने तसंच."

"मग बरोबर आहे," म्हणाली आणि सही केली. बाहेर पायरीवर ती सरांना म्हणाली, "सर, आता छापायच्या आधी मला दाखवत जा." सर हसले. त्यांना वाटलं थट्टा चाललीय.

पहिल्याच महिन्यात त्यांचं हसू गेलं. ही दर गुरुवारी डबा घेऊन शेडमध्ये यायची आणि चारही पानं वाचायची. अग्रलेख, बातम्या, वाढदिवसाच्या शुभेच्छा, हरवले-सापडले, सगळं. मधुमेह आठ दिवसांत पळवणाऱ्या वैद्याची जाहिरात तिने काढायला लावली. सर तडकले.

"विमलताई, आपण मालक आहात त्या कागदावर."

"सर, वर्तमानपत्र तरी कशावर असतं?"

सरांना शब्दांत हरवणारं माणूस तोवर मी पाहिलं नव्हतं. आठ दिवस ते तिच्याशी बोलले नाहीत. नवव्या दिवशी अग्रलेख लिहून आणला आणि न बोलता तिच्यापुढे धरला. तिने वाचला, एका ओळीवर बोट ठेवलं. "हे तुम्ही ऐकलंय की पाहिलंय?" सरांनी ती ओळ खोडली. तिथून पुढे सर काही लिहिताना मध्येच थांबायचे आणि स्वतःशीच पुटपुटायचे, ऐकलंय की पाहिलंय. मी ऐकलंय.

पोलीस यायचे ते आलेच. रॉकेलच्या काळ्या बाजाराची बातमी होती. कोपऱ्यावरच्या रेशन दुकानदाराने तक्रार केली आणि चौकीतून निरोप आला, मालकाला घेऊन या. मी मागच्या दाराने कागद आणायला म्हणून निघालो ते तास दोन तास फिरलोच. खोटं कशाला बोलू. परत आलो तर कळलं ही एकटीच चौकीत गेली आहे, बरोबर मटाराची पिशवी घेऊन. मी धावत गेलो. बाई बाकावर बसून शेंगा सोलत होती. हवालदार समोर अंक धरून उभा.

"मालक कुठंय?"

"तुमच्यासमोर."

"बाई, मस्करी नको. खरा मालक."

"खालची ओळ वाचा. वाचून झाली की चुकीचं वाक्य कुठलं ते दाखवा. सगळा अंक चुकीचा असं म्हणू नका, वाक्य दाखवा."

त्याने शोध शोध शोधलं आणि एक वाक्य खरंच चुकीचं निघालं. दुकानदाराचं नाव. एका आडनावाची दोन दुकानं होती, एक कोपऱ्यावर, एक चाळीत. काळा बाजार कोपऱ्यावरचा करत होता आणि नाव चाळीतल्याचं गेलं होतं. हिचा चेहरा उतरला. मटार पिशवीत ओतले आणि चौकीतून सरळ त्या चाळीत गेली. त्या माणसाच्या बायकोने दारातच हिला नाही नाही ते ऐकवलं. हिने सगळं ऐकून घेतलं. पुढच्या अंकात माफी छापायची ठरली. सर म्हणाले, चौथ्या पानावर चौकटीत टाकू. ही म्हणाली, "चूक पहिल्या पानावर केली, माफी मागच्या दाराने मागायची का?" पहिल्या पानावरच छापली. कोपऱ्यावरच्या दुकानदाराचं नावही छापलं, त्याच पानावर. तो परत चौकीत गेला नाही.

कायद्यात अजून एक गोष्ट आहे. वर्षातून एकदा, मार्चच्या पहिल्या अंकात, प्रत्येक वर्तमानपत्राला मालकीचा तपशील छापावा लागतो. मालकाचं नाव, पत्ता, राष्ट्रीयत्व, भांडवलात कोणाचा वाटा आहे त्यांची नावं. दुसरे लोक तो अगदी बारीक टाइपात कोपऱ्यात कोंबतात. आमच्याकडे त्या दिवशी शिरा व्हायचा. ही इस्त्रीची साडी नेसून छापखान्यात यायची आणि तो तपशील मोठ्याने वाचायची. राष्ट्रीयत्व: भारतीय. पत्ता: आमच्या दोन खोल्या. वाटेकरी: कोणी नाही. ते ‘कोणी नाही’ वाचताना तिला काय वाटायचं कुणास ठाऊक, आवाज चढायचा. तिच्या नावावर दुसरं काही नव्हतं. खोल्या माझ्या, छापखाना माझा, रेशनकार्डावर पहिलं नाव माझं. त्या काळी तसंच असायचं आणि मीही कधी बदललं नाही.

सर निवृत्त झाले तेव्हा पेढे घेऊन आले. म्हणाले, "विमलताई, आता मला बंधन नाही. तुमच्या डोक्यावरचं ओझं उतरवतो. मालकी माझ्या नावावर करून घेऊ." ही म्हणाली, "घ्या की. तुमचंच आहे. पण मग गुरुवारी मी येणार नाही." सरांनी तोंडाशी नेलेला पेढा खाली घेतला. मग म्हणाले, "संपादक म्हणून माझं नाव टाका. बाकी राहू द्या तसंच." आणि पेढा तिच्याच हातावर ठेवला.

नंतरचे दिवस काही चांगले नव्हते. अक्षरांचे शिशाचे खिळे गेले, ऑफसेट आली, मग संगणक आला. आसपासची छोटी साप्ताहिकं एकेक करून बंद पडली, नाहीतर विकली गेली. विकत कोण घ्यायचं? ज्याला निवडणूक लढवायची आहे तो, नाहीतर ज्याला इमारत बांधायची आहे तो. पुष्कळदा दोन्ही एकच. नवं नाव नोंदवायचं म्हणजे खेटे, त्यापेक्षा जुनं चालतं नाव घेतलं की मागच्या सगळ्या वर्षांची पत आयती मिळते. सरांना डोळ्यांनी दिसेनासं झालं, ते बिबवेवाडीला मुलाकडे राहायला गेले. तिथून फोनवर अग्रलेख सांगायचे, आरती टाइप करायची. लोक म्हणायचे, आता मोबाइलवर सगळं येतं, हे कशाला काढता? मालकीणबाई विचारायची, "मोबाइलवर खाली नाव असतं का?"

मग भाऊ आले. भाऊ म्हणजे आमच्या भागातलं मोठं प्रस्थ. बापाची शेती शहरात आली, इमारती उभ्या राहिल्या, आता नाल्याकाठी नवीन चालली होती. नाला अर्धा बुजवून. ते ‘पैलकाठ’ने छापलं होतं, फोटोसकट. माणूस बोलायला गोड. वाकून हिच्या पाया पडले.

"काकू, पेपर मला द्या. तुमचं वय झालं. मी चालवतो."

"तुम्हाला कशाला हवा हो पेपर?"

"समाजसेवा करायची हाय."

"मग दवाखाना काढा. इथे कुत्रं चावलं तर ससूनला जावं लागतं."

भाऊ खो खो हसले. "काकू, तुमचं बोलणं लई आवडतं आपल्याला. नाव तेच ठेवतो. तुमचा फोटो लावतो ऑफिसात."

"फोटो मेलेल्यांचे लावतात."

तीनदा आले. तिसऱ्या वेळी ते गेल्यावर मी तिला म्हणालो, देऊन टाकू या, दमलो मी. ती म्हणाली, "विकण्यापेक्षा बंद करा. बंद पेपर निदान कोणाच्या नावाने खोटं बोलत नाही." मी म्हणालो, तुझ्याशी बोलण्यात अर्थ नाही. भांडण तिथे संपलं नाही, रोज थोडं थोडं चालूच राहिलं. आता वाटतं, तेवढं तरी रोज बोलणं होत होतं.

ती गेली शुक्रवारी. पुढचा अंक पुढच्या गुरुवारी काढायचा. नातेवाईक म्हणाले, सुतकात कसली कामं करतोस. मी म्हणालो, तिचा पेपर आहे, आणि शेडमध्ये गेलो. घरी तरी काय करणार होतो? सरांनी फोनवर मजकूर सांगितला. सांगताना मध्ये मध्ये थांबत होते. आरतीने पहिल्या पानावर तिचा फोटो लावला, काळी चौकट केली. ‘पैलकाठच्या मालक विमलताई यांचे निधन.’ आरती रडत टाइप करत होती. मी एकट्याने मशीन चालवली. तो मजकूर मी तीनदा वाचला. मी हळू वाचतो, चौथीपर्यंतचं शिक्षण. पण शब्द न् शब्द वाचला. फोटोत शाई जास्त बसत होती, चेहरा काळा येत होता, ती कमी केली. अंक चांगला निघाला.

तळाची ओळ कोणी वाचली नाही. ती ओळ दर आठवड्याला नव्याने टाकत नाहीत. एकदा लावलेली असते, पान बदलतं, ती तशीच राहते. खिळ्यांच्या काळात बांधून ठेवलेली असायची, आता संगणकात असते. तिच्यावर नजर ठेवणारं एकच माणूस होतं. तर पहिल्या पानावर मालकीणबाई वारली आणि चौथ्या पानावर तिनेच तो अंक छापून प्रसिद्ध केला होता. सौ. विमल, मुद्रक, प्रकाशक, मालक.

तेराव्याला भाऊ आले. आल्या आल्या तिच्या फोटोला हार घातला, डोळे पुसले. खरेही असतील. मुलगी आली होती नगरहून, तिने चहा दिला. मग भाऊंनी खिशातून अंक काढला. तळाच्या ओळीखाली पेनाने रेघ मारलेली.

"काका, हे काय झालं?"

मी बघितलं. मला आधी कळलंच नाही. मग कळलं.

"मेलेल्या माणसाच्या नावावर पेपर काढलाय तुम्ही. गुन्हा हाय हा. कोणी तक्रार केली तर?"

"कोण करेल?"

"कोणीपण करील," भाऊ म्हणाले आणि चहाचा कप खाली ठेवला. "पण घाबरू नका. मी हाय ना. तुम्ही वारस. इथं सही करा, पेपर माझ्या नावावर होऊ द्या. ती चूक माझा वकील बघून घेईल. तुम्हाला कुठं जायला नको, यायला नको."

कागद त्यांनी माझ्या गुडघ्यावर ठेवला. पेनही टोपण काढून दिलं. मी सरांना फोन लावला. सरांनी ती ओळ मला वाचून दाखवायला लावली. मग म्हणाले, "दत्तोबा, मला आता अक्षर दिसत नाही. विमलताई होत्या तोवर त्यांच्या डोळ्यांनी चालत होतं. तुम्हाला जे झेपेल ते करा. मी काही म्हणणार नाही." मुलगी आतून बघत होती. तिने मान हलवली, करून टाका बाबा, अशी.

मी पेन धरलं. खरं सांगतो, मी सही करणार होतो. पोलीस, वकील, कचेरी, या वयात कोण करणार. शिवाय भाऊ म्हणत होते त्यात चुकीचं काय होतं? पेपर चालला असता. नाव राहिलं असतं.

भाऊ आरतीला म्हणाले, ती दारापाशी उभी होती, "ताई, तुमची नोकरी जात न्हाई बरं का. पुढच्या गुरुवारी पयलं पान काकूंचं. मोठा लेख. काकूंचा आमच्या प्रकल्पाला आशीर्वाद होता, असा." त्यांनी ते चांगल्या मनाने म्हटलं. त्यांना खरंच वाटत होतं की त्याने तिचा मान होईल.

मी पेनाला टोपण लावलं आणि परत दिलं. "उद्या सकाळी सांगतो," म्हणालो.

"काका, उद्या कशाला, आत्ता—"

"उद्या."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी आंघोळ करून बसने दंडाधिकाऱ्यांच्या कार्यालयात गेलो. पिशवीत तो अंक होता, मृत्यूचा दाखला होता आणि घरी बसून लिहिलेला अर्ज होता. अर्ज मी कोणाकडून लिहून घेतला नाही. ओळी वाकड्या गेल्या होत्या. लिहिलं होतं की हा अंक मी छापला. त्यावर नाव आहे ती बाई तेव्हा हयात नव्हती आणि मला ते माहीत होतं. चूक माझी आहे. काय करायचं ते माझं करा. पेपर आजपासून बंद आहे. तो कोणाच्या नावावर करायचा नाही.

इमारत आता दुसरी आहे. खिडकीतला कारकून तरुण होता. त्याने अर्ज न वाचताच परत सरकवला.

"बाबा, हे सगळं आता ऑनलाइन असतं. पोर्टलवर टाका."

"मला ते येत नाही. तुम्ही घ्या."

"मुलाला सांगा."

"मुलगा नाही. तुम्ही वाचा तर आधी."

मागे दोन माणसं होती, ती उसासे टाकायला लागली. मी खिडकीतून हललो नाही. कारकुनाने वैतागून कागद उचलला आणि वाचायला लागला. वाचता वाचता तो सरळ बसला.

"बाबा, हे तुम्ही स्वतःहून देताय?"

"हो."

"यावर तुमच्यावर कारवाई होऊ शकते. कळतंय का?"

"तिच्यावर नाही ना होणार?"

"मयतावर कशी होईल?"

"मग घ्या."

"आणि नाव सोडताय? एवढं जुनं टायटल आहे. लोक मागे लागतात अशा नावांच्या. कोणाला तरी देऊन टाका ना."

"नाही."

त्याने पुन्हा एकदा माझ्याकडे बघितलं. मग दाखला मागितला, तारखा ताडून बघितल्या, आत जाऊन साहेबांना विचारून आला. म्हणाला, घेतो आवक नोंद करून, पुढे काय होईल ते साहेब कळवतील. पेन उघडून त्याने अर्जाच्या कोपऱ्यात लिहायला घेतलं.

"मयताशी तुमचं नातं?"

"त्या मालक. मी मशीनवर."

"तसं नाही बाबा. तुमच्या कोण लागत होत्या?"

तेरा दिवस घरात माणसं येत होती, जात होती. कोणी हे विचारलं नव्हतं, सगळ्यांना माहीतच होतं. मला तोंडाने म्हणावं लागलं नव्हतं. मागचा माणूस म्हणाला, आजोबा, बोला लवकर. मी खिडकीची पट्टी धरली.

"बायको," मी म्हणालो.

त्याने ‘पत्नी’ लिहिलं, शिक्का मारला आणि म्हणाला, "पुढचे कोण?"